ॲव्हरेज चांगलं देते

१

सेकंडहॅन्ड गाडी घेताना तिघांवर विश्वास ठेवू नये, असं मामाचं म्हणणं: विकणारा, त्याचा मेकॅनिक आणि गाडीवर भाळलेला आपला स्वतःचा जीव. मामा शिंपी आहे. गाड्यांशी त्याचा संबंध एवढाच की त्याच्या दुकानासमोर गॅरेज आहे आणि गिऱ्हाईक नसलं की तो तिथे पडीक असतो. पण बोलतो असा, की चाकाचा शोध यानेच लावला.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, मेकॅनिकल. शिकवण्या करून साठवलेल्या पैशात मामाने थोडी भर घातली होती, तेवढ्यात बसेल ती गाडी बघायची होती. रूपाने कशीही चालली असती. पेट्रोल कमी प्यायला हवी, एवढंच. गाडी एकदा घ्यायची असते, पेट्रोल रोज घालावं लागतं. नाकापेक्षा मोती जड झाला तर काय उपयोग?

बऱ्याच गाड्या पाहिल्या. एकीचं दार शिवी दिल्याशिवाय लागत नव्हतं. दुसरीच्या डिकीतला गालिचा उचलून मामाने हुंगला आणि 'ही पोहून आलीय' म्हणून तिथल्या तिथे निकाल दिला. तिसरी आम्ही पोचायच्या आत तापवून ठेवलेली होती. "गार इंजिन सुरू करून दाखवत नाही तो चोर," मामा विकणाऱ्याच्या तोंडावर म्हणाला आणि मला ओढत बाहेर घेऊन आला.

ही राखाडी गाडी मात्र एका हाकेत सुरू झाली. बॉनेटवर हात ठेवून पाहिला, अगदी गार. मामाने सायलेन्सरच्या नळीत बोट घालून फिरवलं आणि बाहेर काढलं. बोट स्वच्छ होतं.

"ठकू, हे बघ!" मामा ओरडला. "हे बोट घेऊन सरळ जेवायला बसावं!"

"ॲव्हरेज विचारू नका," गाडीवाला म्हणाला. "खरं सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल."

मी आधीच्या मालकाबद्दल विचारलं. "नवराबायको होते. फार शांत माणसं. इतकी शांत, की भावसुद्धा बोटांनी सांगितला."

"असं गिऱ्हाईक मला कधी भेटायचं?" मामा म्हणाला, आणि दोघेही हसले.

आत रेडिओच्या जागी चौकोनी भोक होतं, वर काळी टेप चिकटवलेली. मला वाटलं, बरंच झालं, बिघडायची एक वस्तू कमी. पेट्रोल जाळणाऱ्या कुठल्याही इंजिनाच्या नळीत काजळी धरतेच, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ते बोट पाहून मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझी सगळी अक्कल तेव्हा किमतीकडे बघत होती.

२

घरात आम्ही दोघीच. मी आणि मामाची थोरली बहीण, जिच्या पोटी मी जन्मले. वडील मी पाळण्यात असतानाच गेले.

ती बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, हे भोंग्यावरून सांगायची. अख्ख्या गावाला तिचा आवाज पाठ होता. दिवसभर बोलून घरी आल्यावर तरी माणूस थकेल की नाही? छे! जिन्यात असतानाच सुरुवात व्हायची. "ठकूऽ, दार उघड!" शेवटच्या अक्षरावर असा हेल, की खालच्या मजल्यावरचं कुत्रंसुद्धा उठून बसायचं. मी लाजेने मेले म्हणून भांडायचे.

मग एका दुपारी भोंग्यावर बोलता बोलता ती मध्येच थांबली. माणसं पिशव्या घेऊन उभी, गाडी कुठे लागलीय ते कळेना. खिडकीतून डोकावून पाहिलं तर ती खुर्चीत वाकडी झालेली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. हात सुधारला, पाय सुधारला. बोलणं काही आलं नाही.

तिला सगळं समजत होतं, हे लक्षात ठेवा. मी कोण, वार कुठला, मामा पत्त्यांत कशी चोरी करतो, सगळं. फक्त शब्द तोंडाशी येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, वाट बंद झालीय. ती नव्याने पाडावी लागेल, एकेक करून.

त्यासाठी आठवड्यातून काही दिवस गावाच्या दुसऱ्या टोकाला थेरपीच्या मॅडमकडे जायचं असायचं. बसने जायला लागलो, पण बस म्हणजे तिचं माहेरच. प्रत्येक कंडक्टर ओळखीचा. "ताई, काय म्हणता? कधी येताय परत खिडकीत?" हे ऐकून ती मान खाली घालायची. एकदा मधल्याच स्टॉपवर उतरली आणि फुटपाथवर बसून रडली. आवाज न करता रडली. मी बाजूला बसून राहिले आणि त्याच दिवशी ठरवलं, गाडी घ्यायची.

आणखी एक सांगते. चमचा, खिडकी, पेन्सिल, हे शब्द येऊ देत सावकाश. मला माझी हाक परत हवी होती. तिने एकदा मला 'ठकू' म्हणावं, बस. त्यासाठी मी वाटेल ते करायला तयार होते.

३

मॅडमची पद्धत सोपी होती. चित्राचं कार्ड दाखवायचं आणि शब्द घोकायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही. "घरी जाताना यांना बोलतं ठेवा," त्या मला म्हणायच्या. "वाट पायाखाली राहिली तरच टिकते."

मी हिशेबी पोरगी. प्रवासाचा वेळ फुकट कशाला घालवा? तर गाडीत बसलं की घोकणं सुरू. खिडक्या बंद, बाहेरचा गोंगाट नको.

"बोल, चमचा."

"चम... चमचा."

"परत."

"चमचा. चमचा. चमचा!"

गाडीत तिची जीभ घरापेक्षा मोकळी सुटायची. अडलेला शब्दसुद्धा दार लोटल्यासारखा बाहेर यायचा. ती स्वतःच चकित होऊन माझ्याकडे बघायची आणि मांडीवर हात आपटून हसायची. पूल, छत्री, घड्याळ, चावी. ती म्हणायची आणि मी म्हणायचे, शाब्बास. मला वाटायचं, आता 'ठकू' काही लांब नाही.

गाडी तर लोण्यासारखी चालायची. ती बोलत असताना मागच्या सीटखालून एक बारीक आवाज यायचा, घोट घेतल्यासारखा. मी ओळखला तो. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते, पंपही तिथेच. जुना झाला की आवाज करतो.

पेट्रोलचा काटा हलत नव्हता. मामा म्हणाला, "मीटर अडकलंय." मलाही तेच वाटलं, म्हणून टाकी काठोकाठ भरून बघायची ठरवली. आठवडाभर थेरपीच्या फेऱ्या झाल्यावर पुन्हा पंपावर गेले. नळी आत घातली, चालू केली, खट्कन बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद.

"आत जागाच नाही," पंपावरचा माणूस वैतागला. "सकाळी सकाळी चेष्टा करायला आलात का?"

मी घरी जाऊन मामाला फोन केला आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं मामा म्हणाला. ती शेजारी बसून आमचं हसणं बघत होती आणि हातातल्या वस्तूकडे बोट करून मला काही विचारत होती. मी फोन ठेवून बघितलं तर तिच्या हातात चमचा होता.

४

"चमचा," मी म्हटलं. "हा तर तुला येतो!"

तिने ओठांची हालचाल केली. काही आलं नाही. नुसतं अडल्यासारखंही नव्हतं. अडलेला शब्द कसा दिसतो ते मला आता कळत होतं. मान ताठ होते, हात उठतो. इथे काहीच नव्हतं. ती चमच्याकडे अशी बघत होती, जणू ही वस्तू असते हे माहीत आहे, पण तिला नाव असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "मागेपुढे होतंच. धीर धरा. अजून जास्त बोलतं करा."

मग मी जास्त बोलतं केलं. जाताना घोकलं, येताना घोकलं, सिग्नलला घोकलं. पुलावर गाड्या अडल्या होत्या तेव्हा तर आम्ही छत्री आणि घड्याळ अक्षरशः पिंजून काढले. घरी आल्यावर दोन्ही गेलेले. पण गंमत अशी, की 'पाणी' टिकलं होतं, 'दार' टिकलं होतं, 'नको' टिकलं होतं. हे शब्द ती घरी स्वयंपाकघरात म्हणायची. गाडीत ते आम्ही घोकले नव्हते.

मी स्वतःला समजावलं. रोजच्या वापरातले शब्द पक्के राहतात. साधी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट एवढी साधी नव्हती. कॉलेजला मी एकटी जायचे, तेव्हा गाडी चारचौघींसारखं पेट्रोल प्यायची. तिला घेऊन गेले की प्यायचीच नाही. आता, गाडीत वजन वाढलं तर पेट्रोल जास्त लागणार, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी टायरची हवा तपासली. रस्त्याचा चढ-उतार बघितला. वारा कुठून वाहतो तेही बघितलं, हसू नका. कशातच काही बसेना. एकटी असताना मी गाडीत गप्प असते, एवढाच फरक राहिला. तो मी बाजूला ठेवून दिला. असला फरक कोण मोजतं?

५

मामाला कापड आणायला लांबच्या बाजारात जायचं होतं. मी म्हटलं, चल, सोडते.

मामा गाडीत बसला म्हणजे त्याचा किस्सा आलाच. आम्ही तो इतक्यांदा ऐकलाय, की तो सुरू झाला की घरातली माणसं उठून पाणी प्यायला जातात. एक गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं. शर्ट शिवून होतो, बटणं लागत नाहीत. गिऱ्हाईक भांडायला येतं. मामा म्हणतो, "शर्ट बरोबर आहे. ज्या माणसाने माप दिलं त्याला पाठवा!"

जाताना त्याने तो सांगितला. येताना पुन्हा सांगितला, कारण त्याला वाटलं मी जाताना नीट हसले नव्हते. तिसऱ्यांदा सांगताना त्याने गिऱ्हाइकाचा आवाजही काढला. मागून घोट घेतल्याचा आवाज येत होता. मी आरशात बघितलं, मागच्या सीटवर कापडाचे तागे होते. घरी आलो तेव्हा काटा होता तिथेच होता.

दोन दिवसांनी मी दुकानात गेले. एक नवं गिऱ्हाईक माप द्यायला उभं होतं, पोट चांगलंच आत ओढून. मामाच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू आलं.

"तुम्हाला सांगतो," तो म्हणाला, "एकदा एक गिऱ्हाईक असंच पोट आत ओढून..."

आणि थांबला. टेप हातात तशीच. त्याने माझ्याकडे बघितलं.

"पुढे काय गं?"

मला वाटलं, नाटक करतोय. मी सांगितलं, "शर्ट बरोबर आहे, माप दिलेल्या माणसाला पाठवा."

मामा खो खो हसला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "हे भारी आहे!" तो म्हणाला. "कोणी सांगितलं तुला?"

गिऱ्हाईकही हसत होतं. मला बसायला स्टूल लागलं.

६

मी शिकलेली मुलगी आहे. परीक्षेचा ताण, झोप कमी, डोकं भलतीकडे धावणार. मामाचं वय झालं, विसरला असेल. तिला तर आजारच आहे. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. पण संशय एकदा आला की तो दाराबाहेर चपला काढून बसतो, उठत नाही. तेव्हा म्हटलं, करून बघू. प्रयोगशाळेत करतो तसं. फुकट गेलं तरी चालेल असा एक शब्द घ्यायचा.

मामाच्या टेबलावरून मी एक वस्तू उचलली आणि गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली. खिडक्या बंद केल्या. गावाबाहेरच्या रस्त्याला लागले आणि त्या वस्तूचं नाव मोठ्याने म्हणायला लागले. भर दुपारी, रस्ता रिकामा, आणि मी एकटी बाई गाडीत बसून एकच शब्द बडबडतेय. मलाच हसू आलं. मागून घोट. शब्द, घोट. शब्द, घोट. मी वेग बदलला, घोटांचा वेग बदलला नाही. मी थांबले की ते थांबायचे. मी मुद्दाम मध्ये गप्प राहिले, तेव्हा मागे इतकी शांतता झाली, की कोणी श्वास धरून बसलंय असं वाटलं.

दुकानात परत आले. "मामा, ही तुझी..."

मामा हात पुढे करून उभा. मी त्या वस्तूकडे बघितलं. दोन पाती, मध्ये खिळा, अंगठा आणि बोटं घालायला दोन भोकं. तिने कापड कापतात. लहानपणी मी तिने स्वतःचे केस कापले होते आणि मार खाल्ला होता. मला सगळं माहीत होतं.

"हिला काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणजे?" मामा म्हणाला, आणि त्याने नाव सांगितलं. मी त्याच्यामागून म्हटलं. परक्या मुलखातला शब्द म्हणावा तसं म्हटलं. दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत तो गेला होता. त्यानंतर मामाने तो कितीदा सांगितला, देव जाणे. आता हे लिहितानाही तिथे काही नाही.

मी पायरीवर बसले आणि रडले. त्या वस्तूसाठी नाही हो. छत्रीसाठी, घड्याळासाठी, चावीसाठी. तिने घाम गाळून परत मिळवलेला एकेक शब्द मीच 'परत म्हण, परत म्हण' करून तिच्या तोंडून काढून घेतला होता, आणि वर शाब्बास म्हणत होते.

७

त्या दिवसापासून गाडी बंद. थेरपीला आम्ही चालत जायला लागलो, वाटेत बसत, दम खात. आणि शब्द टिकायला लागले. छत्री परत आली नाही, पण 'झाड' आलं आणि राहिलं, 'मामा' आलं आणि राहिलं. एकदा स्वयंपाकघरात तिने माझ्याकडे बघून 'ठ' म्हटलं. नुसतं ठ. मी भांडं तसंच ठेवून तिला मिठी मारली.

गाडीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "रविवारी सकाळी आणा. पण किंमत पडेल हं." पडू दे म्हटलं.

त्या रविवारी मामा लग्नाचे कपडे पोचवायला गेला होता. तिला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, आदल्या आठवड्यात तिने गॅस तसाच चालू ठेवला होता. मी तिला समोर बसवून नीट सांगितलं. गाडीत एक शब्द बोलायचा नाही. का ते विचारू नको. अजिबात नाही. ती सगळं समजते. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मिचकावला.

सकाळ गार होती, धुकं होतं. इतके दिवस नुसती उभी राहूनही टाकी तळाला आली होती, काटा पार खाली टेकलेला. आम्ही गप्प बसून निघालो. मागून काही आवाज नाही. पुलावर चढताना गाडी आचके द्यायला लागली. मी मनात म्हटलं, मर. इथेच मर, मी ढकलत नेते तुला.

तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"ठकू," ती म्हणाली.

अगदी स्पष्ट. शेवटच्या अक्षरावर तोच हेल. जिन्यातला.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरून बाजूला केला. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "ठकू! ठकू!" ती स्वतःच्या आवाजावर अशी खूश झाली होती, की तिला गप्प करायला दगडाचं काळीज लागलं असतं. माझं नव्हतं. किती महिने मी त्या हाकेसाठी तडफडले होते! मी ओ दिली. मी तिला हाक मारली. लहानपणी अंधारात जाग आली की मारायचे तशी. तिने मला मारली, मी तिला मारली. ती ठकू म्हणायची आणि मी म्हणायचे, पुन्हा, पुन्हा, जत्रेत हरवलेली दोन माणसं एकमेकांना सापडावीत तशा आम्ही ओरडत होतो. आचके कधी थांबले ते मला कळलंच नाही. गाडी लोण्यासारखी चालली होती.

मग माझं लक्ष आरशात गेलं.

मागच्या काचेवर आतून वाफ धरली होती. एका जागी. तोंडाएवढी. ती विरायची, आणि तिने ठकू म्हटलं की पुन्हा धरायची. मग ती वाफ पुढे सरकली. तिच्या कानाजवळच्या काचेवर आली. आणि तिच्या सीटची वरची कड दबलेली होती, चार ठिकाणी. मागे बसलेलं माणूस नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकतं आणि सीट धरतं ना, तशी.

मी जिवाच्या आकांताने तिला हाक मारली. ती शेवटची. मागून एक लांबलचक घोट ऐकू आला आणि सीटची कड सावकाश वर आली.

८

गाडीवाल्याच्या आवारात मी कशी शिरले ते सांगता येणार नाही. गाडी थांबल्या थांबल्या ती दार उघडून उतरली. तिला गाड्यांच्या रांगा बघायला आवडतात, स्टँडवर आयुष्य गेलेलं. ती दोन रांगांमधून चालत गेली. पलीकडे एक टेम्पो मागे येत होता. चालवणारा पुढे बघत होता.

मी तोंड उघडलं.

तिला हाक मारायची होती. एकच हाक, ती वळली असती, बाजूला झाली असती. ती माझी कोण ते मला माहीत होतं. तिच्या हाताचा वास, तिने खाल्लेल्या खस्ता, तापात माझ्या डोक्यावर तिने ठेवलेली ओल्या फडक्याची घडी, सगळं माहीत होतं. तिला म्हणायचं काय, तेवढं नव्हतं. जिभेवर नव्हतं, मागे नव्हतं, कुठेच नव्हतं. 'अगं', 'ए', काहीतरी ओरडले असेन मी. आवारात सतत कोणीतरी 'ए' ओरडत असतं. ती वळली नाही.

मी धावले. तिचा दंड धरून खेचला आणि आम्ही दोघी एका गाडीच्या बॉनेटवर आपटलो. टेम्पो शेजारून गेला. गाडीवाला त्या चालवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत धावत आला.

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मला लागलं का बघितलं. मग तिला मला हाक मारायची होती, मला दिसलं ते. ओठ उघडले आणि तसेच राहिले. मान ताठ झाली नाही, हात उठला नाही. मीही तोंड उघडून तिच्यासमोर उभी होते.

"वा!" गाडीत डोकावून गाडीवाला म्हणाला. "टाकी फुल करून आणलीत?"

गाडी तिथेच आहे की विकली गेली, मी विचारलेलं नाही. मामा आता संध्याकाळी दुकान बंद करून आमच्याकडे येतो आणि आम्हा दोघींची शिकवणी घेतो. तिला तो माझ्याकडे बोट दाखवून 'ठकू' म्हणायला लावतो. ती हसते आणि 'मामा' म्हणते. मग ती आत जाते आणि तो माझ्याकडे वळतो. सोपं आहे गं, तो म्हणतो, बोलायला लागलेलं पोरही हेच आधी म्हणतं, दोनच तर अक्षरं. मी त्याच्या ओठांकडे बघत म्हणते. बरोबर येतं. तो खूश होतो, जा, आता आत जाऊन तिला हाक मार म्हणतो.

मी उठते. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असते. मी दारात जरा वेळ थांबते, मग जाऊन तिच्या खांद्याला हात लावते, म्हणजे ती वळते.